आधी पत्ता की आधी खातं?

पुण्याहून किंवा नाशिकहून जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मुलाचं जर्मनीतलं पहिलं खातं तो विमानात बसण्याआधीच उघडलेलं असतं. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. रुपयांत ही रक्कम बारा लाखांच्या आसपास जाते. ती ज्या खात्यात अडकवून ठेवायची, त्याला मुलं ‘ब्लॉक्ड अकाउंट’ म्हणतात. ते घरबसल्या उघडतं. पासपोर्ट लागतो, शिक्षणाचे कागद लागतात, पैसे लागतात. जर्मनीतला पत्ता मात्र कुणी मागत नाही, कारण तो असणं शक्यच नसतं. तोच मुलगा पुढे आखेन किंवा म्युनिकला उतरतो आणि भाडं भरायला, किराणा घ्यायला रोजच्या व्यवहाराचं साधं खातं मागतो, तेव्हा बँकेच्या खिडकीवर पहिला प्रश्न येतो तो पत्त्याच्या नोंदणीचा. त्यात गंमत अशी की ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहा सुटणारे ९९२ युरो जमा व्हायला दुसरं साधं खातं लागतंच. बारा लाख रुपये ठेवून घेताना जी अडचण कुणाला दिसली नव्हती, ती त्यातले लाखभर परत देताना दिसू लागते.

माझं म्हणणं या विसंगतीतून निघतं. परक्या माणसाला खातं नाकारताना ‘कायद्याने पत्त्याचा पुरावा लागतो’ हे कारण जितक्या ठामपणे सांगितलं जातं, तितका कायदा ठाम नसतो. ती अट खातं कुणाला हवं आहे त्यावर सैल होते किंवा आवळते. सरकारला हवं असेल, तर ते हजारो मैलांवरून, पत्त्याशिवाय उघडतं. फक्त त्या माणसालाच हवं असेल, तर प्रकरण शाखेतल्या कर्मचाऱ्याच्या मर्जीवर जातं. म्हणून कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी माणसाचं साधं खातं हा लेखी हक्क असला पाहिजे, आणि हा हक्क आहे हे त्याला कुणीतरी सांगितलंही पाहिजे. युरोपाने पहिली गोष्ट केली आहे. दुसरी केलेली नाही.

हे चक्र नीट उलगडून पाहायला हवं, कारण त्यातली एकेक कडी सुटी पाहिली तर वाजवीच वाटते. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नागरिक कार्यालयात नोंद करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, आणि तिथल्या मराठी मुलांच्या बोलण्यात हा शब्द आता सहज येतो. १ नोव्हेंबर २०१५ पासून त्या नोंदीसाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो, की हा माणूस खरोखर माझ्या जागेत राहायला आला आहे. खोटे पत्ते रोखायचे असतील तर यात वावगं काही नाही. पण घरमालक भाडेकरू निवडताना शूफा या १९२७ पासून चालत आलेल्या पतनोंद संस्थेचा उतारा पाहतो, तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत अनामत मागतो, आणि भाडं महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत खात्यात यावं अशी त्याची अपेक्षा असते. नवख्या माणसाची शूफाकडची पाटी कोरी असते. मग तो कुणाच्या तरी खोलीत दोन-तीन महिने पोटभाडेकरू म्हणून राहतो, आणि अशा जागांच्या जाहिरातीत ‘पत्त्याची नोंदणी करता येणार नाही’ हे बरेचदा आधीच लिहिलेलं असतं. नोंदणी नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून पक्कं घर नाही, पक्कं घर नाही म्हणून नोंदणी नाही. बर्लिनसारख्या शहरात नोंदणीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, ते आणखी वेगळं.

हे सगळं पार पडलं तरी टपाल उरतंच. बँकेचं कार्ड एका पाकिटातून येतं आणि पिन दुसऱ्या. टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल, तर ते पाकीट ‘पत्त्यावर व्यक्ती आढळली नाही’ म्हणून परत जाऊ शकतं. पोटभाडेकरूच्या पेटीवर नाव असतं मूळ भाडेकरूचं. एवढ्याशा चिकटपट्टीपायी महिना निघून जातो. ऑनलाइन बँकांचा रस्ता त्यापेक्षा सोपा वाटतो आणि पुष्कळांना तो सोपा जातोही. पण कॅमेऱ्यासमोर पासपोर्ट धरून ओळख पटवण्याच्या पद्धतीत काही बँकांना भारतीय पासपोर्ट चालत नाही. मग तोच पासपोर्ट घेऊन पोस्टात जायचं आणि तिथल्या कारकुनाकडून ओळख पटवून घ्यायची. यातला कुठलाही टप्पा अशक्य नाही. पण किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि हातातली रोकड तर मोजकीच असते.

खात्याशिवाय परदेशात काय अडतं, असं इथे बसून विचारणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं की तिथे आरोग्य विम्याचा हप्ता, भाडं, मोबाइल, विजेचं बिल, रेडिओ-टीव्हीचं सक्तीचं शुल्क हे सगळं साधारणपणे खात्यातूनच जातं, आणि पगार खात्यातच येतो. हा प्रश्न आता थोड्या लोकांचा राहिलेला नाही. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९,५०० भारतीय विद्यार्थी होते, आणि परदेशी विद्यार्थ्यांत चिनी मुलांना मागे टाकून भारतीयांचा गट सर्वांत मोठा झाला होता. पुढच्याच वर्षी तो ५९ हजारांच्या घरात गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा केली. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. इथून पुढे जाणाऱ्यांत संगणक शिकलेली, इंग्रजीत अडून न राहणारी मुलंच असतील असं नाही. परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री असतील. शाखेतल्या माणसाने मान हलवली की परत फिरणारा वर्ग तो हाच.

आता कायदा नेमकं काय म्हणतो ते पाहू. युरोपीय संघाने जुलै २०१४ मध्ये एक निर्देश काढला. त्याआधी संघात सुमारे ५ कोटी ८० लाख प्रौढांकडे व्यवहाराचं खातंच नाही असा अंदाज युरोपीय आयोगापुढे होता. त्या निर्देशानुसार संघात कायदेशीर वास्तव्य असलेल्या कुणालाही, मग तो कुठल्याही देशाचा नागरिक असो, साधं खातं मिळण्याचा हक्क आहे. जर्मनीत त्याचा कायदा १९ जून २०१६ पासून लागू झाला आणि त्या खात्याला ‘बाझिसकोंटो’ हे नाव मिळालं. ज्याला पक्कं घर नाही त्याला, आश्रय मागणाऱ्याला, इतकंच नव्हे तर केवळ परत पाठवता येत नाही म्हणून ज्याचं वास्तव्य सहन केलं जातं त्यालाही हा हक्क आहे. अर्ज पूर्ण भरून दिल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने निर्णय द्यायचा. नकार द्यायचा तर लेखी द्यायचा, आणि नकाराची कारणं कायद्यातच मोजून दिलेली आहेत. त्यावर दाद मागायची तर बाफिन या वित्तीय नियामकाकडे जाता येतं. सर्वांत महत्त्वाची तरतूद मात्र भलत्याच ठिकाणी, म्हणजे काळा पैसा रोखण्याच्या जर्मन कायद्यात आहे. ग्राहकाचा राहता पत्ता नोंदवा असं तो कायदा म्हणतो. पण पक्कं घर नसलेला माणूस बाझिसकोंटो मागत असेल, तर ज्या पत्त्यावर त्याला टपाल मिळू शकेल तेवढा पत्ता पुरे, असा अपवादही तोच करतो. करक्रमांकाचंही तसंच. बँका तो आधी मागतात, पण ग्राहकाने वेळेत दिला नाही तर केंद्रीय कर कार्यालयाकडून तो मिळवण्याची जबाबदारी कायद्याने बँकेवरच टाकली आहे. म्हणजे ज्या दोन कागदांसाठी नवख्या माणसाला परत पाठवलं जातं, त्या दोन्हींवर उपाय कायद्यात छापलेला आहे.

हा उपाय आपोआप आला नाही. २०१५ मध्ये लाखो निर्वासित जर्मनीत आले. त्यांच्यापैकी अनेकांकडे पासपोर्टच नव्हते, आणि त्यांना दरमहा रोख मदत वाटत बसणं सरकारलाच जड जात होतं. तेव्हा परदेशी नागरिक कार्यालयाचा शिक्का आणि छायाचित्र असलेल्या कागदावर खाती उघडायला नियामकाने वाट करून दिली. सरकारला गरज पडली आणि ओळखीचा निकष बदलला. ब्लॉक्ड अकाउंटच्या बाबतीत जे दिसतं, तेच इथेही दिसतं. फ्रान्सने याहून पुढची व्यवस्था केली आहे, आणि तीही फार पूर्वी. १९८४ च्या बँकिंग कायद्यापासून तिथे खात्याचा हक्क आहे. एका बँकेने नकार दिला की तो कागद घेऊन मध्यवर्ती बँकेकडे जायचं, आणि ती कुठल्या बँकेने खातं द्यायचं ते नेमून देते. माझ्या मते जर्मन पद्धतीपेक्षा ही जास्त शहाणपणाची आहे. जर्मनीत नकाराशी झगडायचं काम अर्जदाराचं. फ्रान्समध्ये तो नकारच पुढच्या दाराचं पत्र होतो.

यावर पहिला आक्षेप काळ्या पैशाचा. तो गंभीर आहे आणि हसण्यावारी नेता येत नाही. डान्स्के या डॅनिश बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरोंचे व्यवहार झाले, त्यातला मोठा भाग संशयास्पद होता, आणि ते व्यवहार अनिवासी ग्राहकांच्या खात्यांतले होते. परदेशी खातेदार म्हणजे धोका, ही समजूत अशा प्रकरणांनी घट्ट केली. पण ते खातेदार होते कोण? प्रामुख्याने कागदोपत्री कंपन्या. त्यांचे पत्ते होते, नोंदणीपत्रं होती, सह्या-शिक्के होते. पत्त्याचा पुरावा ही त्यांच्यासाठी सर्वांत सोपी अट होती. उलट भारतातून शिकायला गेलेल्या मुलाचे पैसे पाहा. ते भारतीय बँकेतून, पॅन क्रमांकासह, कशासाठी पाठवतोय हे नोंदवून, रिझर्व्ह बँकेच्या वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत गेलेले असतात. बऱ्याचदा त्यामागे शैक्षणिक कर्जाची अख्खी फाइल असते. जर्मन बँकेच्या कित्येक स्थानिक ग्राहकांच्या पैशाचा माग इतका स्वच्छ निघणार नाही. काळ्या पैशाविरुद्धचे जागतिक निकष ठरवणारं कृतिदल, १९८९ मध्ये स्थापन झालेलं, ओळख विश्वासार्ह आणि स्वतंत्र कागदपत्रांवरून पटवा असं सांगतं आणि धोका जितका तितकीच तपासणी ठेवा असंही सांगतं. विजेचं बिल त्याने मागितलेलं नाही. ते बँकांनी आपल्या सोयीसाठी आणलं.

याच आक्षेपाचा दुसरा भाग जास्त खरा आहे. परदेशी विद्यार्थ्यांची खाती भाड्याने घेऊन त्यांतून फसवणुकीचे पैसे फिरवले जातात. जपानमध्ये देश सोडून जाणाऱ्यांकडून पासबुकं आणि कार्डं विकत घेण्याचे प्रकार इतके झाले की तसं खातं विकणं हा स्वतंत्र गुन्हा मानला जातो. युरोपातही पोलीस विद्यार्थ्यांना वारंवार सावध करतात. पण यात पत्त्याची अट कुठे उपयोगी पडते? खातं भाड्याने देणाऱ्याचा पासपोर्ट खरा असतो, घरही खरं असतं. तो पकडला जातो तो खात्यातल्या हालचालीवरून. ज्या खात्यात महिन्याला हजार युरो यायचे तिथे एका दुपारी वीस हजार येऊन लगेच निघून गेले, तर घंटा वाजायला हवी. ऑनलाइन बँक एन-२६ वर बाफिनने २०२१ मध्ये महिन्याला ५० हजारांहून जास्त नवे ग्राहक घेऊ नका अशी मर्यादा घातली, आणि संशयास्पद व्यवहारांची माहिती उशिरा दिल्याबद्दल तिला दंडही झाला. चूक व्यवहारांवर नजर ठेवण्यात होती. दारावरचा पहारेकरी वाढवून ती सुटत नाही. त्याने फक्त रांग लांबते, आणि रांगेत उभा असतो तो प्रामाणिक माणूस.

दुसरा आक्षेप उघडपणे कमी आणि मनातल्या मनात जास्त घेतला जातो. खातं सोपं केलं की बेकायदा राहणाऱ्यांचंही फावेल, तेव्हा बँकांनीच थोडी चौकी सांभाळली तर बिघडलं कुठे? ब्रिटनने हा प्रयोग करून पाहिला आहे. २०१४ च्या स्थलांतर कायद्याने त्या वर्षीच्या १२ डिसेंबरपासून बेकायदा वास्तव्य असणाऱ्यांना चालू खातं देण्यावर बंदी आली, आणि नंतरच्या कायद्याने आधीपासूनची खातीही तपासायचं ठरलं. स्थलांतरविषयक स्वतंत्र निरीक्षकांनी २०१६ मध्ये नाकारलेल्या खात्यांचा नमुना तपासला, तेव्हा त्यातल्या सुमारे १० टक्के लोकांची नावं मुळात यादीत असायलाच नको होती असं आढळलं. पुढे विंडरश प्रकरण उघडकीस आलं. दशकानुदशकं कायदेशीरपणे राहिलेल्या कॅरिबियन वंशाच्या माणसांना कागदांअभावी परके ठरवलं गेल्याचं दिसलं, आणि २०१८ मध्ये त्या तपासण्या थांबवाव्या लागल्या. बँकेच्या कारकुनाला व्हिसाचे बारकावे ठाऊक नसतात आणि ठाऊक असावेत अशी अपेक्षाही गैर आहे. शंका आली की तो नकार देतो, कारण चुकीचा होकार दिल्याबद्दल दंड होतो. चुकीच्या नकाराबद्दल त्याला कुणी जाब विचारत नाही.

‘मोबाइलवरचं खातं पाच मिनिटांत उघडतं, मग एवढं रडगाणं कशाला?’ असा तिसरा सूर तरुणांकडूनच ऐकू येतो. अशी खाती पुष्कळदा लिथुआनिया किंवा बेल्जियममध्ये नोंदलेली असतात आणि त्यांचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, त्या देशाच्या अक्षरांनी सुरू होतो. युरोपीय संघातला कुठलाही आयबॅन चालवून घेतलाच पाहिजे, असा २०१२ चा नियम आहे. तरी मालक, विमा कार्यालय, जिम यांच्याकडून ‘जर्मन आयबॅनच हवा’ हे ऐकावं लागतंच. कायद्याने चालणारी गोष्ट खिडकीवर चालत नाही, याचा हा आणखी एक नमुना. खर्चाचा आक्षेप मात्र मला पटतो, पण अर्धाच. हजार युरो येणार आणि हजार जाणार, अशा खात्यात बँकेला मिळणार काय? म्हणून काही बँकांनी बाझिसकोंटोचं शुल्क चढं ठेवलं. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ३० जून २०२० च्या निकालात महिन्याला ८.९९ युरो ही आकारणी अवाजवी ठरवली. बँकांनी खर्च काढू नये असं न्यायालय म्हणालं नाही. जास्तीच्या कामाचा भार फक्त याच ग्राहकांवर टाकू नका, एवढंच म्हणालं. या खात्यात उचल देण्याची सक्तीही नाही. बँकेचे पैसे बुडण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि आपण? पुणे विद्यापीठात इराण, अफगाणिस्तान, आफ्रिकेतल्या देशांतून मुलं कित्येक वर्षं येत आहेत. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचा नियम वाचला तर चकित व्हायला होतं, इतका तो समजूतदार आहे. पासपोर्ट-व्हिसा आणि प्रवेशाचं पत्र यांवर खातं उघडता येतं, इथला पत्ता ३० दिवसांत द्यायचा, आणि तोवर त्या खात्यात बाहेरून १,००० डॉलरपर्यंतच रक्कम येऊ शकते, वर ५० हजार रुपयांची मर्यादा. आधी खातं, मग पत्ता. जर्मनीत ज्याची उणीव आहे तीच गोष्ट इथे कागदावर आहे. फक्त त्या नियमाच्या सुरुवातीला दोन शब्द आहेत, ‘बँकेच्या इच्छेनुसार’, आणि त्यांच्यामुळे बाकीचा समजूतदारपणा शाखाधिकाऱ्याच्या स्वभावावर टांगला जातो. आपल्याच माणसांच्या बाबतीत आपण हे शिकून बसलो आहोत. बिहारहून भिवंडीच्या यंत्रमागावर आलेल्या कामगाराकडे कायमच्या पत्त्याबरोबर सध्याच्या पत्त्याचाही पुरावा मागितला जाई. जून २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने कुठलाही एकच पुरावा पुरे केला. ज्याच्याकडे काहीच कागद नाही त्याच्यासाठी छायाचित्र आणि सही-अंगठ्यावर उघडणारं ‘छोटं खातं’ त्याआधीपासून होतं. त्यात शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षाची एकूण जमा एक लाखापर्यंत, महिन्याची उचल १० हजारांपर्यंत. धोका कमी, म्हणून मर्यादा लहान, पण दार उघडं. युरोपात नव्याने उतरणाऱ्यांसाठी हेच मागायला हवं, आणि रिझर्व्ह बँकेकडे ते दोन शब्द काढून टाकण्याची मागणीही करायला हवी.

महाराष्ट्र सरकार मनुष्यबळाचे करार करताना भाषेच्या वर्गांची, प्रशिक्षणाची चर्चा करतं. त्यात आणखी एक कलम घालणं अवघड नाही. रुजू होणाऱ्या प्रत्येकाचं साधं खातं कामाच्या ठिकाणच्या किंवा वसतिगृहाच्या टपाली पत्त्यावर उघडून देण्याची जबाबदारी मालकाची असावी. तोवर जाणाऱ्यांनी एवढं करावं. बाझिसकोंटोचा ठराविक अर्ज बाफिनच्या संकेतस्थळावर मिळतो, तो निघण्याआधीच छापून घ्या. शाखेत तोंडी विचारू नका, भरलेला अर्ज द्या आणि तारखेसह पोच घ्या. टपालपेटीवर पासपोर्टातलं आडनाव लावून घ्या. दहा कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर तो लेखी मागा, आणि तो कागद बाफिनकडे पाठवा.